नकाशावरचा परकार आणि बालाघाटची सावली

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरचे चार दिवस झाले आणि एस-४०० (लांब पल्ल्याची रशियन हवाई संरक्षण यंत्रणा), आकाश (आपलं देशी क्षेपणास्त्र), जॅमर (रेडिओ संदेश बुडवणारं यंत्र) हे शब्द चहाच्या टपरीवर आले. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : एस-४००चा पल्ला ४०० किलोमीटर. पुण्यात एक ठेवली तर नकाशावर बीड, धाराशिव, लातूर आणि अगदी नांदेडही त्या वर्तुळात येतं. मग देशाला पाच कशाला लागतात? (विद्यार्थी, लातूर)

परकार पुण्यावर टेकवून वर्तुळ काढलं तर नांदेड खरंच आत येतं. पण परकार कागदावर फिरतो आणि पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे जे क्षितिजाखाली आहे ते रडारला दिसत नाही. याचा हिशोब घरी करता येतो. रडारच्या अँटेनाची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ने गुणा. आलेला आकडा म्हणजे रडार किती किलोमीटरवरून पाहू शकेल ते.

अँटेना १५ मीटरवर आहे आणि ड्रोन ५० मीटरवरून येतोय असं धरा. वर्गमुळं ३.९ आणि ७.१, बेरीज ११. उत्तर ४५ किलोमीटर. म्हणजे ४००चे एकदम ४५ झाले. ताशी १८५ किलोमीटरने येणारा, इराणी शाहेदसारखा ड्रोन हे अंतर पंधरा मिनिटांत कापतो, ताशी ९००ने, विमानासारखं खालून उडत येणारं क्रूझ क्षेपणास्त्र तीन मिनिटांत. त्या तीन मिनिटांत ओळख पटवायची, परवानगी घ्यायची, डागायचं आणि चुकलं तर दुसरं डागायचं. हाच हिशोब उलटा केला तर ४०० किलोमीटरवरचं लक्ष्य दिसायला ते जवळपास नऊ हजार मीटर उंचीवर असावं लागतं. म्हणजे तो मोठा आकडा उंचावरून उडणाऱ्या विमानांसाठी आहे: टेहळणीची विमानं, हवेत इंधन पुरवणारे टँकर, लांबून क्षेपणास्त्र सोडणारी लढाऊ विमानं. त्यांना सीमेपासून दूर ठेवणं हेच या यंत्रणेचं खरं काम, आणि ते फार मोलाचं आहे.

हे सगळं सपाट जमिनीचं गणित झालं. मध्ये बालाघाटसारखी डोंगररांग आली की तिच्या पलीकडे रडारची सावली पडते आणि खालून येणारा दरीदरीने सरकू शकतो. त्यावर उपाय म्हणजे रडारच वर नेणं. नऊ हजार मीटरवरच्या नेत्रासारख्या रडारवाहू विमानातून क्षितिज ३९० किलोमीटरवर जातं. पण विमान चोवीस तास हवेत ठेवणं खर्चिक असतं, म्हणून खाली थर लावतात. ७० किलोमीटरचं एमआरसॅम हे मध्यम पल्ल्याचं क्षेपणास्त्र, २५-३० किलोमीटरचं आकाश आणि सर्वांत आत साडेतीन-चार किलोमीटरवर मारा करणारी ४० मिलिमीटरची एल-७० तोफ. हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची आकाशतीर या जाळ्या या सगळ्यांना एकच चित्र दाखवतात, म्हणजे एका रडारला दिसलेलं दुसऱ्याच्या तोफेला कळतं. ऑक्टोबर २०१८च्या करारातल्या पाच एस-४०० हा या रचनेचा सर्वांत बाहेरचा थर आहे. बाकीचे थर नसतील तर त्या एकट्याने भागत नाही.

एल-७०ला जुनाट म्हणून हसणारी पत्रंही आली आहेत. सरकारी निवेदनानुसार ८-९ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले होते. अशा झुंडीवर महागडी क्षेपणास्त्रं उधळणं शत्रूच्या पथ्यावर पडतं. शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर धरली जाते, तर अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचं एक आधुनिक क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या घरात जातं. हुरड्यावर बसणाऱ्या पाखरांना गोफणच बरी. नवं रडार आणि कॅमेरा जोडलेली एल-७० ही ती गोफण.

प्रश्न : इस्रायलचं आयर्न डोम आपण का विकत घेत नाही? आपल्या डोक्यावर छत नको का? (व्यापारी, जालना)

आधी आकारमान बघू. इस्रायल सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर. आपले मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून सुमारे साडेचौसष्ट हजार, म्हणजे जवळपास तीन इस्रायल. आयर्न डोमची एक बॅटरी, म्हणजे एक तुकडी, साधारण १५० चौरस किलोमीटर राखते. भागाकार केला तर एकट्या मराठवाड्याला ४३० बॅटऱ्या लागतील, आणि एका बॅटरीत तीन-चार लाँचर, प्रत्येकात २० क्षेपणास्त्रं. पुढचा गुणाकार मोंढ्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

शिवाय ते औषध आपल्या रोगाचं नाही. २०११पासून कामावर असलेलं आयर्न डोम ४ ते ७० किलोमीटरवरून येणाऱ्या रॉकेटसाठी आहे. त्याचं डोकं रडारमागच्या संगणकात आहे. रॉकेट कुठे पडणार हे तो काढतो आणि मोकळ्या रानात पडणारं असेल तर सोडून देतो. म्हणजे तेही छत नव्हे, निवड करणारा राखणदार आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पाकिस्तानची सीमा सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या वर आहे. तिथून इथे येऊ शकेल ते लांब पल्ल्याचं बॅलिस्टिक (उंच जाऊन खाली कोसळणारं) किंवा क्रूझ क्षेपणास्त्र, नाहीतर मोठा ड्रोन. बॅलिस्टिकसाठी आपला वेगळा कार्यक्रम आहे. त्यातली पहिली यशस्वी चाचणी नोव्हेंबर २००६मध्ये झाली. १५ ऑगस्ट २०२५ला जाहीर झालेल्या, देशाला हवाई कवच देण्याच्या सुदर्शन चक्र मोहिमेने २०३५ची मुदत घेतली आहे.

त्या मोहिमेचं मोजमाप चाचण्यांच्या व्हिडिओंवरून करू नका. वर्षाला किती क्षेपणास्त्रं कारखान्यातून बाहेर पडतात, ते विचारा. कारण सोपं आहे. एक क्षेपणास्त्र दहापैकी आठ वेळा लागतं असं समजा. एका लक्ष्यावर दोन सोडली तर शंभरातली ९६ लक्ष्यं पडतील, पण २०० क्षेपणास्त्रं खर्ची पडतील आणि चार तरीही आत येतील. दुसऱ्या रात्री पुन्हा शंभर आली तर? १३-१४ एप्रिल २०२४च्या रात्री इराणने इस्रायलवर ३००हून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. जवळपास सगळी अडवली गेली, पण अमेरिका, ब्रिटन आणि जॉर्डनही मदतीला होते. जून २०२५मध्ये हेच बारा दिवस चाललं आणि काही क्षेपणास्त्रं शहरांत पडलीच. कोठारात माल किती आहे, यावर हे युद्ध चालतं.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे १० लिटरचा फवारणी ड्रोन आहे. कधी कधी तो ओळ सोडून वाहवत जातो. शत्रूने जीपीएस जाम केल्यामुळे असं होतं का? (बीड जिल्हा)

शंका अगदीच वेडगळ नाही. जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतो. त्याचा संदेश जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी आणि त्यातल्या एकाचे शंभर; एवढीच ताकद उरते. छोटासा जॅमरही ती बुडवतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात विमानांना असा त्रास झाल्याच्या ४६५ घटना सरकारने संसदेत सांगितल्या, पण त्या मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागातल्या आहेत. तिथला जॅमर बीडपर्यंत पोचत नाही. त्यालाही क्षितिज आडवं येतं.

खात्री करायची असेल तर उपग्रह दाखवणारं एखादं मोफत ॲप फोनमध्ये घ्या आणि फोन ड्रोनशेजारी उघड्यावर ठेवा. प्रत्येक उपग्रहापुढे संदेशाची ताकद दिसते. ३५ ते ४५ म्हणजे ठणठणीत, २५च्या खाली म्हणजे अशक्त. जाम झालं असेल तर सगळे उपग्रह एकदम लोळतात, फोनमध्येही आणि ड्रोनमध्येही. फोन ठीक आणि ड्रोन भरकटतोय, तर दोष ड्रोनमध्येच शोधा.

तो बहुतेक वेळा होकायंत्रात सापडतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, पत्र्याच्या शेडजवळ किंवा विहिरीवरच्या मोटारीशेजारी उभं राहून कॅलिब्रेशन (होकायंत्राची दिशा जुळवणं) केलं तर लोखंड त्याची दिशा चुकवतं. मग ड्रोनला जागा बरोबर कळते, पण तोंड कुठे आहे ते चुकीचं कळतं, आणि तो गोल गोल फिरत लांब जातो. कॅलिब्रेशन लोखंडापासून पंधरा-वीस मीटर दूर, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढून करा. दुसरं, आरटीके (जमिनीवरच्या केंद्राकडून जीपीएसची चूक दुरुस्त करून घेणारी सोय) वापरत असाल तर पडद्यावर ‘फिक्स’ आहे की ‘फ्लोट’, ते बघा. फिक्समध्ये चूक दोन-तीन सेंटिमीटरची असते. फ्लोट झालं की ती काही पट वाढते आणि दुरुस्तीचा संदेश पूर्ण तुटला तर दोन-तीन मीटरपर्यंत जाते. कपाशीच्या ओळीत तेवढ्यात शेजारच्याचं पीक भिजतं. आणि जीपीएसच पूर्ण गेलं तर ड्रोन फक्त उंची धरतो आणि वाऱ्याबरोबर सरकतो. म्हणून चालवणाऱ्या ताईंना जीपीएसशिवाय हाताने उतरवण्याचा सराव हवाच. प्रशिक्षणात तो उरकला जातो, ही आमची तक्रार आहे.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत, आपल्या अक्षांशांवर वातावरणाचा आयनांचा थर खवळतो आणि उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत हे वाढतं. त्यामुळे संध्याकाळी उशिरा सर्वेक्षण करत असाल तर दोष वरच्या आकाशाचाही असू शकतो. सकाळच्या फवारणीला हे कारण लागू होत नाही.

प्रश्न : मागे रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांवरून आमच्याकडे गस्त लागली होती. ड्रोन आहे की विमान, ओळखायचं कसं? (पैठण तालुका)

विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा दिवा असतो आणि साधारण सेकंदाला एकदा पांढरा लखलखाट होतो. उपग्रह लुकलुकत नाही; तीन-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो किंवा मधेच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. माळेसारखे एकामागून एक दिवे गेले तर ते स्टारलिंकचे उपग्रह. कॅमेऱ्याचा ड्रोन एका जागी थांबू शकतो, शांत रात्री शंभरेक मीटरवरून त्याची भुणभुण ऐकू येते, आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याला उतरावंच लागतं. जो दिवा तासन्‌तास तसाच दिसतो आणि ताऱ्यांबरोबर हळूहळू पश्चिमेकडे सरकतो, तो बहुधा शुक्र किंवा गुरू असतो. दगड किंवा गोळी मारू नका, ११२ला कळवा. पडलेला सापडला तर हात लावू नका.

प्रश्न : लेबनॉनमध्ये पेजर फुटले. आपले चिनी फोन आणि सीसीटीव्ही तसे उडवता येतील का? (दुकानदार, नांदेड)

फोनची भीती सोडा. १७ सप्टेंबर २०२४ला फुटलेल्या पेजरमध्ये बनवतानाच स्फोटक दडवलेलं होतं. निव्वळ संदेश पाठवून साध्या बॅटरीचा तसा स्फोट होत नाही. बॅटरी बिघडली तर ती फुगते, धूर सोडते, पेटते. ते वाईटच, पण ते वेगळं.

कॅमेऱ्याची काळजी मात्र करा. जून २०२५च्या युद्धात, क्षेपणास्त्रं नेमकी कुठे पडली हे बघायला इराण खासगी कॅमेऱ्यांत घुसतोय, असा इशारा इस्रायलमध्ये दिला गेला. नेम सुधारायला त्याहून स्वस्त डोळा नाही. तुमच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात रस्ता, पूल, रेल्वे फाटक दिसत असेल तर आजच डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा) मूळ पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने ॲडमिन आणि १२३४५६ तसाच ठेवलेला असतो. राउटरमधलं यूपीएनपी (बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. मोबाइलवर बघायची गरज नसेल तर डीव्हीआरमधलं क्लाउड किंवा पीटूपी बंद करा. गरज असेल तर निदान फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजं ठेवा आणि कॅमेऱ्यांना बिलिंगच्या संगणकापासून वेगळं नेटवर्क द्या. नवा घेताना एसटीक्यूसी या सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र विचारा. एप्रिल २०२५पासून विक्रीसाठी ते बंधनकारक आहे.

प्रश्न : युद्धाचे व्हिडिओ ग्रुपवर येतात. खोटे कसे ओळखावेत? (शिक्षिका, परभणी)

रात्रीच्या आकाशात तोफेच्या गोळ्यांच्या सुरेख रेषा, न हलणारा कॅमेरा, माणसाचा एकही आवाज नाही आणि चित्र मुद्दाम धूसर. असं असेल तर तो बहुधा आर्मा-३ या व्हिडिओ गेममधला तुकडा. खऱ्या व्हिडिओत हात थरथरतो, कुणीतरी ओरडतं, आणि दूरच्या स्फोटाचा आवाज उशिरा येतो: दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. उजेड आणि आवाज एकाच क्षणी असतील आणि स्फोट लांबचा दिसत असेल तर पुढे पाठवू नका. खरा असला तरी पाठवू नका, कारण त्यावरून जागा ओळखता येते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते.

प्रश्न : भोंगा वाजला तर फोनवर काही येईल का? नेट बंद असेल तर? (हिंगोली)

येऊ शकतं. सेल ब्रॉडकास्टचा इशारा इंटरनेटवर चालत नाही. टॉवर तो आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सोडतो, त्यामुळे एसएमएससारखी कोंडी होत नाही. सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहे का ते बघा. काही फोनमध्ये ते शोधून काढावं लागतं. भोंग्याचा आवाज वर-खाली होत राहिला तर धोका, एका सुरात लांबला तर धोका टळला.

वीज गेली तर टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, दीडदाच्या आसपास भरते. बाकीचं व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत जातं. त्यानंतर रेडिओ. फोनमध्ये एफएम असेल तर वायरचा इयरफोन जवळ ठेवा. ती वायरच त्याचा अँटेना असते, ब्लूटूथवाल्या इयरफोनवर एफएम लागत नाही.