सरासरी ९० एफपीएस (सेकंदाला ९० फ्रेम) दिसतात, तरी गेम अडखळतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

तुम्ही प्रश्नात दिलेली जुळणी अशी: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, विंडोज आणि गेम दोन्ही हार्ड डिस्कवर, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. दर काही सेकंदांनी चित्र गचकन थांबतं, आणि नेमक्या त्या वेळी कार्डाचा वापर ६० टक्क्यांपर्यंत उतरतो.

कार्ड बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमचं उत्तर त्या ६० टक्क्यांतच आहे. कार्ड कमी पडत असतं तर ते ९७-९९ टक्क्यांवर खिळून राहिलं असतं. इथे ते काम मिळायची वाट बघत थांबलंय. त्याच्या जागी दुप्पट ताकदीचं कार्ड लावलं तर तेही तसंच थांबेल.

सरासरी आकडा का फसवतो ते आधी बघा. समजा एका सेकंदात ८९ फ्रेम प्रत्येकी १० मिलीसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम यायला ११० मिलीसेकंद लागले. बेरीज बरोबर १००० मिलीसेकंद, म्हणजे स्क्रीनवर आकडा ९० एफपीएस. पण डोळ्यांना खटकते ती ती एकच फ्रेम. म्हणून एफपीएसऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख बघायचा. एमएसआय आफ्टरबर्नर हा आकडे दाखवणारा प्रोग्राम आणि त्यासोबत येणारा रिवाट्यूनर लावा, मॉनिटरिंगमध्ये फ्रेमटाइम आलेखाच्या रूपात, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर, जीपीयू मेमरी, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसरच्या कामाच्या रांगेचा) वेगळा सीपीयू वापर आणि रॅम एवढ्या गोष्टी सुरू करा. सीपीयूचा एकूण टक्का बघून काही कळत नाही. ३६०० मध्ये १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ४० च्या आसपास दिसू शकतो.

आता रॅम. माझ्या मते तुमचा मुख्य दोष इथेच आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला भाग क्षमतेचा. विंडोज, ब्राउझर आणि आजचा मोठा गेम ८ जीबीत मावत नाहीत. उरलेला भाग पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅम कमी पडल्यावर विंडोज डिस्कवर वापरते त्या फाइलमध्ये जातो, आणि तुमची पेजफाइल हार्ड डिस्कवर आहे. हार्ड डिस्कला एक तुकडा शोधायलाच साधारण १० मिलीसेकंद लागतात. असे दहा-बारा तुकडे एकदम लागले की झाला तुमचा झटका. खात्री करायची तर रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये गेमच्या ओळीतला ‘हार्ड फॉल्ट्स’चा (रॅममध्ये नसलेली माहिती डिस्कवरून आणावी लागण्याचा) आकडा बघा. झटक्यासोबत तो उसळत असेल तर शंकाच नको.

दुसरा भाग चॅनलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या मार्गाचा. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनलवर ५१.२ जीबी. शिवाय रायझनमध्ये सीपीयूच्या आतले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे हळू रॅमचा फटका या प्रोसेसरला जास्त बसतो.

८ जीबीच्या दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा ३२०० चा किट घ्या. जुन्या स्टिकला नवी जोड दिली तरी चालू शकतं, पण दोन्ही मग हळू स्टिकच्या वेगाने धावतात आणि कधीकधी बोर्ड सुरूच होत नाही. चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. पहिल्या दोन शेजारच्या स्लॉटमध्ये लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. टक् आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहते आणि लक्षात येत नाही.

एवढ्यावर थांबू नका. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, सुरू केली नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावते, आणि ही चूक फार लोक करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) असूसवर तिचं नाव डीओसीपी, एमएसआयवर ए-एक्सएमपी. नंतर सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये फ्रिक्वेन्सी साधारण १६०० दिसली पाहिजे. डीडीआर म्हणजे दुप्पट, म्हणून १६०० हाच बरोबर आकडा. पहिल्या वेळी स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, दोन-तीन मिनिटं थांबा. तरीही चालू झालं नाही तर सीमॉस क्लिअर करून (म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणून) ३००० वर प्रयत्न करा. शेवटी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दाखवली तरी वेग उतरवा, नाहीतर फाइली हळूहळू खराब होतात.

विंडोज आणि गेम एसएसडीवर न्या. साटाची, म्हणजे जुन्या, हळू जोडणीचीही चालेल, बहुतेक गेममध्ये एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणी) आणि साटातला फरक लोडिंगच्या काही सेकंदांपुरता असतो. एम.२ (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी एसएसडी) लावणार असाल तर आधी बोर्डाचं मॅन्युअल वाचा, कारण काही बी४५० बोर्डांवर तो स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात आणि लोक डिस्क बिघडली समजून बसतात.

मॉनिटर १४४ वर चालू आहे ना तेही तपासा. विंडोज बहुतेकदा तो ६० वरच ठेवते. केबल डिस्प्लेपोर्टची, आणि ती मदरबोर्डला नाही तर कार्डाला जोडलेली. मॉनिटर फ्रीसिंकचा (कार्डाच्या फ्रेमशी आपला वेग जुळवणारा) असेल तर एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जी-सिंक कंपॅटिबल सुरू करून फ्रेम १४० वर बांधा.

हे सगळं करूनही झटका येतो, पण प्रत्येक ठिकाणी फक्त पहिल्यांदाच, दुसऱ्या फेरीत नाही? तो शेडर (चित्र रंगवणारे कार्डाचे छोटे प्रोग्राम) कंपाइल, म्हणजे तयार, होण्याचा झटका आहे आणि कुठलंही हार्डवेअर घेऊन तो पूर्ण जात नाही. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशचा आकार १० जीबी करा.

यानंतर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर रायझन ७ ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी हे प्रोसेसर बसतात. त्यांची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेमसाठी फार उपयोगी पडते. पण बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करा, नंतर स्क्रीनच येणार नाही.

फ्रेम भरपूर वाढल्या आणि १०८०पीला कार्ड ९९ टक्क्यांवर दिसलं, तरच नवीन कार्ड बघा. तेव्हा लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा, मोजा: बी४५० पीसीआय एक्सप्रेस ३.० वर चालतो, आणि आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच लेनच्या कार्डाची त्यावर ओढाताण होते. सोळा लेनचं कार्ड मिळालं तर उत्तम, आठ लेनचं चालेल. मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. पॉवर सप्लायचा हिशोब असा: स्लॉट ७५ वॅट देतो, ८ पिनची प्रत्येक जोडणी १५०. दोन जोडण्या लागणाऱ्या कार्डाला दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.