गंगापूरच्या बॅकवॉटरला तीर्थनचा रॉड चालेल का?

प्रश्न : नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, नोकरी सातपूर एमआयडीसीत. गेली सात-आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला स्पिनिंग रॉडने मासे धरतो, चिलापी जास्त, कधी रोहू, नशीब असेल तर मरळ. येत्या एप्रिलमध्ये मेहुण्याबरोबर हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचं ठरतंय आणि फ्लाय रॉड, म्हणजे आमिषाऐवजी हलकी नकली माशी टाकायचा रॉड, मी आयुष्यात हातात धरलेला नाही. बजेट सगळं मिळून वीस-बावीस हजार. ओळखीतले एक जण म्हणतात ९ फुटी ५ वेट घ्या, दुकानदार म्हणतो ६ वेट फास्ट ॲक्शन घ्या म्हणजे परत बदलायला लागणार नाही, आणि मित्राने तर चार हजारांत रॉड-रीळ-लाइन असा अख्खा सेट दाखवला. डोकं फिरलंय. आणि परत आल्यावर हा रॉड इथं वापरता येईल, का माळ्यावर जाईल? बायकोचा प्रश्न आहे हा, माझा नाही.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ६ वेट राहू द्या. "परत बदलायला लागणार नाही" हे मला पण एका दुकानात ऐकवलं होतं, आणि मी भाबडा, एक कडक फास्ट ॲक्शनचा ६ वेट घेऊन चार दिवस तीर्थनवर उभा होतो. ती नदी म्हणजे मोठाले दगड, दगडामागे छोटे छोटे डोह, मासा उभा पंधरा-वीस फुटांवर, आणि माझ्या हातातला रॉड असा की भरपूर लाइन बाहेर गेल्याशिवाय तो वाकायलाच तयार नाही. जवळ टाकायला गेलो की लाइन पाण्यावर चपराक मारल्यासारखी पडायची आणि डोहातले सगळे मासे पसार. चार दिवसांत दोन ट्राउट मिळाले, त्यातला एक मी पाठमोरा असताना स्वतःच लागला.

आता हे वेट प्रकरण एकदा नीट समजून घ्या, मग दुकानदार काय म्हणतो त्याने फरक पडणार नाही. तुमच्या स्पिनिंग रॉडला आमिषाचं वजन असतं, ते पुढं जातं आणि तंगूस मागे ओढत नेतं. इथं सगळं उलटं. माशी म्हणजे काय, गळावर बांधलेलं पीस आणि दोरा, फुंकर मारली तर उडेल. तिला नेणार कोण, तर लाइन. म्हणून ही लाइन जाड आणि वजनदार असते आणि नंबर तिच्या वजनाचा असतो, रॉडच्या नाही. पहिली ३० फूट लाइन तोलली तर ४ वेटची १२० ग्रेन, ५ वेटची १४०, ६ वेटची १६०. १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम बघा. रॉडवर ५ लिहिलंय म्हणजे एवढ्या वजनाला हा रॉड बरोबर वाकतो, इतकंच. आणि डोहात पंधरा फुटांवर टाकताना ३० फूट लाइन बाहेर नसतेच, म्हणजे रॉडला वाकवायला वजन त्याहून कमी, म्हणून तर माझा कडक रॉड तिथं नुसती काठी झाला.

यातच ॲक्शनचं उत्तर आलं. फास्ट म्हणजे फक्त टोकाकडचा भाग वाकणार, मिडियम म्हणजे वाक मधल्यापर्यंत येणार, आणि स्लो म्हणजे पार मुठीजवळ. फास्ट रॉड लांब टाकतो, वाऱ्यात टिकतो, पण हाताचं टायमिंग पक्कं लागतं. नवशिक्याला रॉड वाकल्याचं हातात कळायला पाहिजे, ते मिडियम किंवा मिडियम-फास्टमध्ये कळतं. तुमचे ओळखीतले बरोबर सांगतायत, ९ फुटी ५ वेट, फक्त त्यात मिडियम-फास्ट हा शब्द जोडा. छोट्या ओढ्यांतच जायचं असेल तर साडेआठ फुटी ४ वेट जास्त गोड, मान्य, पण तुम्हाला एकाच रॉडमध्ये सगळं हवंय आणि वजनाची निंफ (पाण्याखाली बुडणारी, किड्याच्या अळीसारखी माशी) टाकायची किंवा वारं सुटलं तर ५ वेटच कामाला येतो. ९ फूट लांबीचा आणखी एक फायदा, मधल्या जोरदार धारेवरून लाइन उचलून धरता येते, नाहीतर धार लाइन ओढते, लाइनमागे माशी ओढली जाते आणि ट्राउटला लगेच कळतं की खरा किडा असा पळत नाही.

चार तुकड्यांचाच घ्या. नळी अडीच फुटांची होते, पंजाब मेलच्या वरच्या बर्थवर उशाशी राहते. दोन तुकड्यांचा घेतलात तर डब्यातला प्रत्येक जण विचारणार हे काय आहे.

पैशाचं बोलू. चार हजारांच्या सेटमधला रॉड एकवेळ चालतो हो, मी वापरून बघितलाय, पण त्यातली लाइन टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी वेटोळी घालून बसते आणि शिकणारा माणूस म्हणतो माझाच हात वाईट. उलट बाजूला ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर आहे, मधल्या किमतीतला नावाजलेला रॉड, २५ वर्षांची गॅरंटी, पण अमेरिकेतच त्याला दोनशे डॉलरच्या वर पडतात, इथं येईपर्यंत तुमचं बजेट त्यातच संपलं. आणि गॅरंटी कागदावर कितीही असली तरी मोडलेला तुकडा नाशिकहून परदेशी धाडायचा कुरिअर खर्च कोण देणार ते आधी विचारा. मी तुमच्या जागी असतो तर रेडिंग्टन किंवा इकोचं खालच्या रांगेतलं मॉडेल बघितलं असतं, दहा-बारा हजारांच्या आत, आणि चार-पाच हजार सरळ लाइनवर घातले असते. वेट फॉरवर्ड फ्लोटिंग (वजन पुढच्या भागात असलेली, पाण्यावर तरंगणारी), ५ नंबर, चांगल्या कंपनीची. लोकांना हे उलटं वाटतं पण मधल्या रॉडवर चांगली लाइन ही भारी रॉडवरच्या भिकार लाइनपेक्षा कितीतरी पुढं जाते. रीळ साधं घ्या, ट्राउटला ते बहुतेक लाइन गुंडाळून ठेवायच्याच कामाचं. उरलेल्यात ९ फुटी लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचं, बारीक होत जाणारं तंगूस), ४एक्स आणि ५एक्स टिपेट (त्याच्याही पुढचं, माशी बांधायचं बारीक तंगूस; आकडा वाढला की जाडी कमी), डझन-दीड डझन माश्या. अमेरिकेत कोणी भाचा-पुतण्या असेल (नाशकात दर दुसऱ्या घरात असतो) तर तो सुट्टीला येताना आणायला सांगा.

दुकानात रॉड जोडून बघा, तुकडे घट्ट बसतात का, सगळ्या रिंगा एका रेषेत येतात का. रिंगा मोजा पण, साधा हिशोब म्हणजे जितके फूट तितक्या रिंगा आणि वर एक. त्याहून बऱ्याच कमी असतील तर कंपनीने तिथं पैसे वाचवलेत. टोक हाताने धरून वाकवून बघू नका, आणि कोणाला वाकवू देऊ नका, रॉड तिथंच जातो. खरं सांगू का, मासा ओढून मोडलेले रॉड मी फार कमी बघितलेत. गाडीच्या दारात आणि घरातल्या पंख्यात मोडलेले विचारू नका, त्यातला एक माझाच.

रॉड जानेवारीतच घ्या, एप्रिलच्या आदल्या आठवड्यात नको. सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावर जा, माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा (गळ नको, जॉगिंगवाले असतात), आणि रोज वीस मिनिटं फक्त मागे-पुढे. सगळी गोम मागच्या फेकीत आहे, रॉड मागे नेला की थांबायचं, लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत, मग पुढं. आपण क्रिकेटवाली माणसं, थांबता येत नाही, चाबूक ओढल्यासारखा आवाज आला की समजा घाई झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी पंचवीस फुटांवर ठेवलेल्या चपलेवर लोकर पडायला लागेल, तीर्थनला एवढंच पुरतं. तिथं काठावर झाडं आहेत, मागे जागा नसते, त्यामुळे रोल कास्ट, म्हणजे लाइन हवेत मागे न नेता पाण्यावरूनच पुढं उलगडायची फेक, पण शिका, पण ती पाण्यावरच जमते, गवतावर नाही. तेव्हा रविवारी बॅकवॉटर.

एप्रिल महिना बरोबर निवडलाय. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ. परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावाच लागतो, तिथं पोचल्यावर पहिलं काम तेच. उन्हं चढली की वरचं बर्फाचं पाणी वाढतं, म्हणून सकाळ सोडू नका. तीर्थनला मुख्यतः ब्राऊन ट्राउट, तो आपल्या देशातला नव्हेच, ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ च्या आसपास कुल्लू भागात आणून सोडला. त्याला थंड पाणी लागतं, पाणी २० अंशांच्या वर गेलं की कासावीस होतो. म्हणूनच तो गोदावरीत नाही आणि येणारही नाही.

वहिनींना सांगा रॉड माळ्यावर जात नाही. चिलापी छोटी निंफ मस्त घेते आणि ५ वेटवर तळहाताएवढी चिलापी सुद्धा अशी पळवते की स्पिनिंगची मजा कमी वाटायला लागते. मरळीसाठी मात्र हा रॉड नाही, तिच्या गवतात ५ वेट घेऊन जाल तर पुढचं पत्र दुरुस्तीबद्दल येईल. आणि धरणावर मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांना विचारून टाका, इतकी वर्षं विचारत असालच.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत बांबूचा फ्लाय रॉड सापडला, तीन तुकडे आणि टोकं मात्र दोन. एका ठिकाणी चीर दिसते. फेव्हिकॉलने चिकटवून वापरू का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : फेव्हिकॉल अजिबात नको. दोन टोकं असणं नेहमीचंच, नाजूक भाग म्हणून जादाचं द्यायचे. उजेडात धरून बघा, बांबू सहा कोनी दिसला तर तो सहा पट्ट्या चिकटवून केलेला स्प्लिट केन आहे आणि चीर म्हणजे बहुधा पट्ट्या सुटल्यात, ते काम जाणकाराचं. ओल्या कपड्याने पुसू नका, उन्हात ठेवू नका, भिंतीला तिरका टेकवून तर मुळीच ठेवू नका, कायमचा वाकतो. कापडी पिशवीत घालून उभा टांगून ठेवा, आणि मुठीजवळ काही नाव-नंबर लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो पाठवा, मग बघू.