शपथेचं बोलावणं आलं, भारतीय पासपोर्टचं काय?

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथविधीबद्दल तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात. त्यातले पाच या वेळी घेते.

प्रश्न : मुलाखत झाली, परीक्षाही पास झाले. मतदार म्हणून नाव नोंदवू का?

उत्तर : नाही. शपथ घेईपर्यंत तुम्ही नागरिक नाही, आणि आधीच नाव नोंदवलंत तर हातातोंडाशी आलेला अर्ज अडचणीत येईल.

प्रश्न : मी माळकरी आहे. देशासाठी शस्त्र उचलीन, असं शपथेत म्हणावं लागतं. ते मला जमणार नाही.

उत्तर : धर्मश्रद्धेमुळे किंवा मनात पक्क्या रुजलेल्या नैतिक विचारामुळे शस्त्र धरता येत नसेल, तर तेवढा भाग वगळून शपथ घेता येते. पण हे अर्जातच सांगावं लागतं, आणि अधिकारी पुरावा मागू शकतो. समारंभात तेवढ्या ओळीला गप्प राहायचं, हा ऐकीव सल्ला मानू नका. अर्जात राहून गेलं असेल तर शपथेच्या आधी वकिलाला भेटा.

प्रश्न : मुलाखतीनंतर वेग मर्यादेचं एक तिकीट मिळालं. एवढंसं सांगायला हवं का?

उत्तर : हो. बोलावण्याच्या एन-445 कागदावर मुलाखतीनंतरच्या घडामोडींचे प्रश्न आहेत, त्यात वाहतुकीचे गुन्हेही येतात. उत्तरं शपथेच्या दिवशीच लिहा आणि दंड भरल्याची पावती जवळ ठेवा. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण असेल तर आधी वकील गाठा.

प्रश्न : शपथ गुरुवारी आहे आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला भाच्याचं लग्न. माझ्या भारतीय पासपोर्टची मुदत अजून पाच वर्षं आहे. सगळे म्हणतात, त्यावरच जाऊन ये, रद्द नंतर कर.

उत्तर : कृपा करून असं करू नका. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 स्पष्ट आहे : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. त्यासाठी वेगळं पत्र येत नाही. पासपोर्टवर छापलेली तारीख तुम्हाला भारतीय ठेवत नाही, आणि त्यानंतर तो वापरणं हा गुन्हा आहे.

शिवाय परत कशावर येणार? समारंभात ग्रीन कार्ड जमा करून घेतात. हातात उरतं ते प्रमाणपत्र, आणि अमेरिकन पासपोर्टच्या अर्जासोबत तेही मूळ प्रत म्हणून पाठवावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे वडील सांगलीला अतिदक्षता विभागात होते आणि त्यांची शपथ होऊन चारच दिवस झाले होते. जुना पासपोर्ट कपाटात होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता. ते दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे, म्हणून एवढं कळकळीनं लिहिते.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. शपथेची तारीख पुढे ढकलावी म्हणून कारण देऊन लेखी कळवा, ग्रीन कार्डावर लग्नाला जाऊन या आणि तो प्रवास एन-445 वर लिहा. न कळवता गैरहजर राहू नका. एकाहून अधिक वेळा तसं झालं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. किंवा शपथ घ्या, पण मग अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा हाती आल्याशिवाय तिकीट काढू नका. भारतीय पासपोर्ट लगेच जमा करा. ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाच्या अर्जालाही तो जमा केल्याचा दाखला लागतो. आणि ओसीआय म्हणजे ‘दुहेरी नागरिकत्व’ अशी जाहिरात करणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. ते कार्ड आजीवन व्हिसा आहे, त्यावर भारतात मतदान करता येत नाही. तुमच्या तारखा घेऊन या आठवड्यातच वकिलाशी बोला.

प्रश्न : शपथ घेतली तर गावच्या सातबाऱ्यावरचं माझं नाव जाईल का?

उत्तर : वारसाहक्काने आलेली शेतजमीन तुमचीच राहते, नवी मात्र विकत घेता येत नाही. विकायचा विचार असेल तर व्यवहार ठरवण्याआधी तालुक्याच्या वकिलाला उतारा दाखवा.