विकायला असलेली विंटेज गाडी खरंच 'ओरिजिनल' आहे का, हे कसं ओळखायचं?

रंग आणि क्रोम नंतर बघा, आधी नंबर जुळवा: चासी आणि इंजिनचा नंबर कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळत नसेल तर 'ओरिजिनल' हा फक्त जाहिरातीतला शब्द. काही जुन्या गाड्यांच्या नोंदी अजून मिळतात. उदाहरणार्थ, एमजी, ऑस्टिन, मॉरिस या ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम पैसे भरल्यावर हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या मूळ नोंदींचा दाखला, देतं. मात्र नंबर नव्याने ठोकताही येतात. म्हणून टॉर्च मारून नंबराभोवतीचा पृष्ठभाग बघा. तिथेच ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा, ओळीत न बसणारे आकडे, जुनाट प्लेटला चकचकीत रिव्हेट असं काही दिसलं की सावध व्हा. अनेक इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते. ती गाडी तयार झाल्यानंतरची निघाली तर इंजिन मागाहून बसवलंय, मालक काहीही सांगो. मग दाराचं रबर थोडं सोलून आतला रंग बघा (बाहेर लाल, आत हिरवा हा नेहमीचा प्रकार), आणि डिकीतलं कार्पेट उचलून वेल्डिंगचे डाग. पुटी (पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप) शोधायला लोहचुंबक चालतो, अ‍ॅल्युमिनियम बॉडीवर अर्थातच नाही.

एक लक्षात घ्या, इंजिन बदललेलं असणं म्हणजे फसवणूक नव्हे. कित्येक गाड्यांत ते वापराच्या काळातच बदललं गेलं. मालक ते उघड सांगत असेल आणि किंमत त्या हिशेबाने कमी असेल, तर खुशाल घ्या.