‘भास होतोय’ म्हणाले, पण डाग खरा होता

“मॅडम, फिलर घेतल्यापासून डोळ्यांखाली निळं दिसतंय. क्लिनिकवाले म्हणतात जाईल. पण कधी? की हे आता कायमचंच?”

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाला निळं दिसतं, कुणाला तपकिरी, कुणाला लाल. विचारणाऱ्यांत पंचविशीतल्या मुली असतात, पन्नाशीतल्या बायका असतात आणि हल्ली पुरुषही असतात. पाठोपाठ बहुतेकदा आणखी एक वाक्य येतं, “घरी कुणाला माहीत नाही.” मला त्या वाक्याची जास्त काळजी वाटते, कारण डागावर उपाय असतो आणि तो उपाय गाठायला उशीर होतो तो या वाक्यामुळे.

माधवीताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. वय ४१, सहकारी बँकेत अधिकारी. दिवसभर लोकांसमोर बसायचं काम. “मॅडम, आज बरं नाही का?” हे ग्राहकांकडून ऐकून ऐकून त्या कंटाळल्या होत्या. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा भिशीचे पैसे हातात आले होते. त्यांनी डोळ्यांखालच्या खळग्यात हायलुरोनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारं जेल, इंजेक्शनने भरून घेतलं. घरी सांगितलं की फेशियल केलं.

लग्नातले फोटो छान आले. सूज पूर्ण उतरल्यावर मात्र खालच्या पापणीला लागून फिकट निळसर पट्टा दिसायला लागला. क्लिनिकमध्ये आधी सांगितलं, “रक्त साकळलंय, जाईल.” तीन महिन्यांनी सांगितलं, “एवढं जवळून कोण बघतं?” आणि शेवटी, “तुम्हाला भास होतोय, एखाद्या काउन्सेलरला भेटा.” अशा त्या माझ्याकडे आल्या, आठ महिन्यांनी.

मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला सांगितलं. पट्टा दिसत होता. ट्यूबलाइटखाली कमी, दिवसाच्या उजेडात स्पष्ट. “मला दिसतोय,” एवढंच मी म्हटलं आणि त्या रडायला लागल्या. आठ महिन्यांत हे त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, निदान करणं माझं काम नाही. पण एक प्रश्न मी हमखास विचारते: पहिल्या दिवसापासून आजपर्यंत रंग बदलत गेला का? सुई लागून काळंनिळं पडलं असेल तर रंग एका जागी थांबत नाही. जांभळट, मग हिरवट, मग पिवळा होत साधारण एक ते दोन आठवड्यांत मावळतो. माधवीताईंचा निळा आठ महिने तसाच होता. असा न हलणारा निळा असेल तर जेल त्वचेच्या फार वरच्या थरात राहिल्याची शक्यता असते. डोळ्यांखालची त्वचा अतिशय पातळ. त्या पारदर्शक जेलमधून प्रकाश जाताना निळा भाग जास्त विखुरतो आणि वरून निळसर छटा दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या जॉन टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावावरून डॉक्टर याला टिंडल इफेक्ट म्हणतात. हा रंग त्वचेत नसतोच, त्यामुळे वरून लावलेल्या कुठल्याही क्रीमने तो जात नाही.

आणि इथेच माधवीताईंचं दुखणं वाढलं होतं. लपवाछपवीत त्यांनी बटाट्याचा रस लावला, लिंबू लावलं, शेवटी मेडिकलमधून गोरेपणासाठी खपणारी एक ट्यूब आणली. त्यात स्टिरॉइड होतं. डोळ्यांभोवती आग व्हायला लागली, सालं निघाली आणि निळ्याच्या बाजूने तपकिरी कडा उमटली. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा हा स्वभावच आहे, कुठेही दाह झाला की जाताना ती काळपट खूण ठेवून जाते. अशा ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घेऊन चेहऱ्यावर लावू नका, हे मी हात जोडून सांगते. चेहऱ्याची किती नासाडी होते ते मी पाहते आहे.

एका प्रकारच्या रंगबदलात मात्र कुणाची वाट बघायची नाही, समुपदेशकाची तर मुळीच नाही. इंजेक्शन घेताना किंवा पुढच्या काही तासांत त्वचा पांढरीफटक पडली, जाळीसारखे जांभळट पट्टे उमटले, दुखणं वाढत गेलं, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागला, तर फिलर रक्तवाहिनीत जाऊन रक्तपुरवठा अडल्याची शक्यता असते. त्याच वेळी, रात्र असली तरी, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना गाठायचं; ते भेटले नाहीत तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. बर्फ लावायचा नाही. दिसायला अंधूक झालं तर एक मिनिटही घालवायचं नाही, दृष्टी कायमची जाऊ शकते. हे क्वचित घडतं. पण घडलं की उशीर महागात पडतो आणि “नवऱ्याला काय सांगू” या विचारात तासन् तास जाऊ शकतात.

माधवीताईंना मी पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सुचवलं. त्या लगेच तयार झाल्या नाहीत. “डॉक्टर म्हणतील, कशाला नसते उद्योग केले. आणि बरोबरच आहे ना? दोन मुलांची आई मी.” पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही याच वाक्यावर घालवल्या. दात वेडेवाकडे म्हणून मुलीला तारा लावल्या तेव्हा तिला नसते उद्योग म्हटलं होतं का? केस रंगवता तेव्हा शिक्षा व्हावी असं वाटतं का? मग या एका गोष्टीची शिक्षा म्हणून आठ महिने डाग सोसायचा, हे कुणी ठरवलं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मीच.”

भास होतोय असं सांगून पाठवलेल्या माणसाची मी एक गोष्ट नक्की तपासते. काही जणांना खरोखरच दिसण्याची अशी चिंता जडते की दुसऱ्याला न दिसणारं किंवा जेमतेम दिसणारं व्यंग त्यांचे रोजचे तास खातं. एक दुरुस्त केलं की मन दुसऱ्यावर जातं, नाकावरून हनुवटीवर, हनुवटीवरून ओठांवर. त्यांना आणखी इंजेक्शनांनी समाधान मिळत नाही. मानसोपचाराने, गरज पडल्यास औषधांनी मिळतं. माधवीताईंचं तसं नव्हतं. त्यांची काळजी एकाच, दिसणाऱ्या गोष्टीपुरती होती. पण मोबाइलचा समोरचा कॅमेरा उघडून बघण्याची सवय मात्र जडली होती, लिफ्टमध्ये, बँकेच्या बाथरूममध्ये, सिग्नलला. आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकच फोटो, रविवारी सकाळी, त्याच खिडकीजवळ. बाकी वेळ कॅमेरा बंद. पहिले काही दिवस त्यांना फार जड गेले.

यजमानांना सांगायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं, माझ्यासमोर सांगेन म्हणाल्या. ते आले, सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “म्हणजे फ्लॅटच्या कर्जाचं नव्हतं?” बायको आठ महिने तोंड फिरवून झोपते, कारण आपण तिला न विचारता कर्ज काढलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. त्या दिवशी डागापेक्षा कर्जावरच जास्त बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

पुण्याला ते दोघं मिळून गेले. जाताना मी एक गोष्ट शोधायला सांगितली होती, फिलरच्या बॉक्सवरचं स्टिकर. नाव आणि बॅच नंबर त्यावर असतो. ते क्लिनिककडून मागून घ्या, तुमचा हक्क आहे. हायलुरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर हायलुरोनिडेझ नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं, बाकीच्या प्रकारांवर हे चालत नाही. शिवाय या एन्झाइमची ॲलर्जी असू शकते, म्हणून पूर्वी मधमाशी चावून जास्त त्रास झाला असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं.

डॉक्टरांनी निदान टिंडलचंच केलं. एन्झाइम दिल्यावर निळा पट्टा काही दिवसांत गेला. तपकिरी कडेला वेळ लागतो आहे: रोज सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य क्रीम, आणि स्टिरॉइड बंद. अशी खूण जायला महिने लागतात, हे आधीच माहीत असल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

पण निळ्याबरोबर भरलेलं जेलही गेलं आणि जुना खळगा परत आला. माझ्या मते सगळ्या प्रवासातला अवघड दिवस तो होता. “पैसे गेले, वर्ष गेलं, आणि चेहरा तोच,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी काही समजावलं नाही. खळगा नको होता म्हणून तर त्या तिथे गेल्या होत्या, तो अजूनही नकोच असणार. न आवडणाऱ्या गोष्टीवर प्रेम करायला शिका, असं मी कुणाला सांगत नाही. आम्ही एवढंच पाहिलं की त्या खळग्यामुळे आयुष्यातलं नेमकं काय अडतं. बँकेतले ते प्रश्न, बस्स. मग त्या प्रश्नांना उत्तर काय द्यायचं याचा सराव केला. “छान आहे मी, तुमचं काय काम होतं?” असं हसून म्हणायचं आणि पासबुक हातात घ्यायचं. आता त्या तसंच म्हणतात.

पुन्हा फिलर घ्यावं का, हे त्यांनी मला विचारलं आणि डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्यांच्या काळेपणातला काही भाग खळग्याच्या सावलीचा आहे आणि काही त्वचेतल्या रंगाचा. त्यांच्या आईचेही डोळे तसेच आहेत. फिलर सावली कमी करू शकतं, रंग नाही, आणि हे कुणी पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तपकिरी कडा पूर्ण गेल्याशिवाय सुई लावायची नाही असं दोघांचं ठरलं आहे. त्यानंतरचं माधवीताईंनी अजून ठरवलेलं नाही. जे काही ठरेल ते यजमानांना सांगून, एवढं मात्र नक्की केलं आहे.