मॅडम, काय खाल्लं म्हणून चाई पडली?

डोक्यावरचे केस चकतीसारखे जातात ती चाई. गेल्या महिनाभरात हा प्रश्न मला चौथ्यांदा आला म्हणून शेवटी लिहायला बसले. एकदा फोनवर, दोनदा क्लिनिकमध्ये आणि एकदा चक्क मंडईत, समोरच्या बाईंच्या हातात मेथीची जुडी आणि मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. "मॅडम, पोट बिघडलं की चाई पडते का हो? मग पोट सुधारलं तर केस परत येतील ना?"

खरं तर हा प्रश्न स्किनच्या डॉक्टरांचा, माझ्यासारख्या समुपदेशकाचा नाही. पण होतं काय, डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं असतं, मलम दिलेलं असतं, आणि घरी येऊन मोबाइल उघडला की लीकी गट (म्हणजे गळकं आतडं), गहू बंद, दूध बंद, "मुळावर घाव घाला" वगैरे सुरू होतं आणि त्यातून जी घालमेल होते ती घेऊन लोक माझ्याकडे येतात. तर एक केस सांगते. नावं बदलली आहेत, आईची परवानगी घेतली आहे आणि मुलीचीसुद्धा (ती म्हणाली भडंगाचं पण लिहा).

मानसी माझ्याकडे आली ती 2025 च्या फेब्रुवारीत. सांगलीचीच, बँकेत नोकरी, वय पस्तीसच्या आसपास. मुलगी ईरा नऊ वर्षांची. आदल्या ऑक्टोबरात वेणी घालताना डोक्याच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली. आजी म्हणाली किडा लागलाय, गुंज उगाळून लावा. कुणी म्हणालं कांदा चोळा. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, अ‍ॅलोपेशिया अरिएटा, म्हणजे आपली चाई, आणि रात्री लावायला स्टेरॉइडचं लोशन दिलं. ते मानसीने तीन आठवड्यांत बंद केलं. का, तर "ते वरवरचं आहे मॅडम, मूळ पोटात आहे."

मग तिने पर्समधून एक शंभर पानी वही काढली. चार रकाने. तारीख, ईराने काय खाल्लं, पोट साफ झालं का, सकाळी उशीवर केस किती. एका दिवशी 41, एका दिवशी 63. मोजलेले! गहू बंद, दूध बंद, साखर बंद, बेकरी बंद, शेंगदाणे बंद, वर वांगं-बटाटा-टोमॅटो-मिरची बंद कारण कुठल्याशा ऑटोइम्यून डाएटमध्ये तसं असतं. आता सांगलीच्या घरात वांगं, शेंगदाणे आणि मिरची बंद केल्यावर उरतं काय सांगा! सोबत बायोटिनच्या गोळ्या, प्रोबायोटिकची पावडर आणि हळदीच्या कॅप्सूल. हळदीच्या पेठेपासून दहा मिनिटांवर राहणारी बाई हळद ऑनलाइन मागवत होती, यावर मी हसले आणि तीही हसली, पण लगेच म्हणाली, "वजन दोन किलो उतरलंय तिचं. तरी जानेवारीत कानाच्या वर दुसरी चकती आली. म्हणजे काहीतरी चुकून पोटात जातंय. मला ते सापडलंच पाहिजे."

इथे माझ्या हातून जे झालं ते आधी कबूल करते. मी विचारलं, "घरात काही ताणतणाव? शाळेत काही?" सवयीचा प्रश्न. पुढच्या वेळी मानसी आली ती डोळे सुजवून. रात्रभर विचार करून तिने शोध लावला होता की सप्टेंबरमध्ये गणिताच्या पेपरवरून ती ईरावर जोरात ओरडली होती, म्हणजे तेच कारण. वहीत पाचवा रकानाही आखला होता, "आज ओरडले का?" ते बघून मला चटकाच बसला. मी काय केलं होतं, तर पोटाच्या जागी मन ठेवलं होतं. गुन्हेगार बदलला, पण चौकशी तशीच सुरू. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं, कुठल्याही आजाराला "स्ट्रेस असेल" म्हणणं फार सोपं असतं आणि ते ऐकणाऱ्याच्या मानेवर किती किलोचं बसतं हे आपल्याला दिसत नाही. चाईत ताणाचा वाटा किती याबद्दल अभ्यास एकमताने काही सांगत नाहीत, आणि नऊ वर्षांच्या मुलीला आई एकदा ओरडली म्हणून चाई पडते असं तर कुणीच सांगत नाही.

मग ते सेशन आम्ही सरळ माहितीवर घालवलं. चाईत काय होतं, तर ज्या पेशींचं काम जंतूंशी लढायचं त्याच केसाच्या मुळाभोवती गोळा होऊन त्यालाच शत्रू समजतात. पण मूळ मरत नाही, काम थांबवून बसतं, म्हणून केस परत येऊ शकतात. थोड्याच चकत्या असलेल्या बऱ्याच जणांचे तर वर्षभरात आपोआप येतात. अंदाजे शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, घरात थायरॉइड, कोड, दमा असा इतिहास असेल तर शक्यता थोडी जास्त. (मानसीच्या आईला थायरॉइड आहे. हे तिला माहीत होतं, वहीत मात्र नव्हतं, कारण वहीत फक्त खाण्याचे रकाने होते.)

"मग पोटाचा काहीच संबंध नाही?" असं तिने विचारलं आणि मी नाही म्हणाले नाही. कारण आहे, थोडासा आहे, आणि तो खोटा पाडला तर लोक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. 1995 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी चाईचे काही पेशंट दाखवले ज्यांना सिलिअ‍ॅक होता, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार. त्यांच्यासाठी गहू बंद हा खरा उपचार. चाईच्या पेशंटमध्ये व्हिटॅमिन डी कमी सापडतं हेही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण कमी आहे म्हणून चाई झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. कमी असेल तर भरून काढायचं, एवढं साधं आहे ते. आणि मानसीने ज्याचं रील बघितलं होतं ते अमेरिकेतले दोन पेशंटसुद्धा खरे आहेत, 2017 चा रिपोर्ट आहे तो. आतड्याच्या चिवट इन्फेक्शनसाठी दुसऱ्याच्या विष्ठेतले चांगले जंतू त्यांच्या आतड्यात सोडले आणि अंगावरचे सगळे केस गेलेल्या त्या दोघांना काही केस परत आले. पण दोन म्हणजे दोनच. त्यावरून नऊ वर्षांच्या मुलीचं दूध बंद करायचं का? उलट ज्या गोळ्यांनी जास्त चाई असलेल्या मोठ्या माणसांना खरोखर फरक पडतो, बॅरिसिटिनिब वगैरे, अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झाली ती, त्या पेशींच्या आपापसातल्या निरोपांची वाट अडवतात. पोटाची पथ्यं पाळून तिथपर्यंत पोचता येतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही.

तेवढ्यात बुलढाण्याची बातमी मध्ये आली. शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडत होतं आणि बावस्कर डॉक्टरांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आजींनी पेपर नाचवत सुनेला सांगितलं, बघ, गहूच! मानसीचा चेहरा पुन्हा पडला. मी म्हटलं नीट वाचा, तिथे कितीतरी गावांत एकदम, काही दिवसांत अनेकांची डोकी मोकळी झाली, ती विषबाधेसारखी गोष्ट. चाई अशी गावाला धरत नाही. आणि त्या बातमीतून घ्यायचंच असेल तर हे घ्या की चांगली म्हणून ओळखली जाणारी द्रव्यंसुद्धा जास्त झाली की केस घालवतात, तेव्हा तुमच्या त्या गोळ्यांच्या बाटल्यांवर काय काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा.

ते तिने दाखवलं आणि बरंच झालं. बालरोगतज्ज्ञांनी थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन बंद करायला लावलं, कारण त्याने रक्ताचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. हे किती जणांना माहीत असतं? दुसरी गंमत पुढे आहे. सिलिअ‍ॅकची रक्त तपासणी करायची तर पोटात गहू जात असला पाहिजे, दोन-अडीच महिने गहू बंद असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणजे मानसीने ज्या शंकेपायी गहू तोडला ती शंका तपासायची वाटच तिने बंद केली होती. म्हणून कुणी आधी तपासणी न करता मुलाचा गहू बंद करत असेल तर कृपा करून थांबा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. डॉक्टरांनी सहा आठवडे रोज चपाती लिहून दिली. चिठ्ठीवर, औषधासारखी.

चपाती सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात मी ईराला एकटीला भेटले. दोन वेण्या, वर हेअरबँड, बोलायला एकदम धीट. मी विचारलं डोक्याला काय झालंय सांगशील? "माझ्या पोटात खराब बॅक्टेरिया आहेत, ते केस खातात." बरं. आणि ते कशाने वाढतात? ती गप्प झाली. मग दप्तरातून गणिताची वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

14 जानेवारी – तिळगूळ 3 (बाईंनी दिला, नाही म्हणता आलं नाही)
19 जानेवारी – भडंग, स्वराच्या डब्यातलं
20 जानेवारी – भडंग परत
25 जानेवारी – नवीन टक्कल. माझ्यामुळे

कंपासपेटीत कागदाच्या पुडीत थोडं भडंग अजून होतं, तेही तिने दाखवलं. "काकू, तुम्ही आईला सांगणार?" मी म्हटलं तुझी वही आहे, तू ठरव. तिने पाच मिनिटं खोडरबर कुरतडला आणि म्हणाली, "आपण दोघी सांगू."

मानसीला आत बोलावलं, टेबलावर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिने आधी आपल्या सवयीने तारखा जुळवल्या, 19 जानेवारीला तिच्या वहीत नाचणीची भाकरी आणि दुधीची भाजी लिहिलेली. मग बोट "माझ्यामुळे"वर आलं आणि थांबलं. मी काही बोलले नाही. सतरा वर्षांत मला जमायला लागलेली एकच गोष्ट असेल तर अशा वेळी गप्प बसणं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मानसी म्हणाली, "हे ती माझ्याकडून शिकलीय."

मी एलिसबाबांची, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची जुनी भक्त, घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो ते बघणारी. इंग्रजीत ते 'मस्ट' (म्हणजे 'व्हायलाच हवं') शोधतात, पण मला नेहमी वाटतं की मराठीत याहून नेमकं हत्यार आहे, आपला 'च'. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं माझं आहे. त्या दिवशी मी मानसीच्या वहीच्या मागच्या पानावर तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य लिहिलं, "कारण सापडलंच पाहिजे", आणि लाल पेनाने 'च'ला गोल केला. म्हटलं हा काढून वाचा. कारण सापडलं पाहिजे. कारण सापडलं तर बरं. "आणि नाही सापडलं तर?" तिने स्वतःच विचारलं. मग बराच वेळ ती रडली, ईरा तिच्या मांडीवर येऊन बसली, आणि रडता रडता दोघींनी पुडीतलं भडंग संपवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर काम सोपं नव्हतं पण दिशा लागली. लोशन पुन्हा सुरू झालं. केस मोजणं बंद करायला तीन आठवडे लागले, मी एकदम बंद करा म्हणाले नाही, आठवड्यातून एकदा मोजा म्हणाले आणि ती कंटाळली. खाण्याचं म्हणाल तर साधं घरचं जेवण, डाळ, भाजी, ताक, अंडं, मूठभर शेंगदाणे, एवढंच. पोट साफ राहणं चांगलंच की, पण ते पोटासाठी, केसांना वेठीला धरून नको. थायरॉइड नॉर्मल, सिलिअ‍ॅक नाही, व्हिटॅमिन डी कमी निघालं ते डॉक्टरांनी दिलं.

एप्रिलअखेर पहिल्या चकतीवर लव आली, पांढरी. मानसी घाबरली, मग डॉक्टर म्हणाले सुरुवातीला असे पांढरे येतात, पुढे बहुतेक वेळा काळे होतात. आणि ती मला काय म्हणाली असेल? "मॅडम, चपातीने केस आले!" मी कपाळावर हात मारला. म्हटलं मानसी, गहू बंद असताना ही लव आली असती तर वहीत काय लिहिलं असतं? ती हसायला लागली. चाई मनाला येईल तशी येते-जाते, त्यामुळे जाताना जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं, कांद्याला, गुंजेला, डाएटला, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी समुपदेशकालाही.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. दोन फोटो. एक ईराच्या डोक्याचा, डाव्या बाजूला नवीन चकती, आठ आण्याएवढी. दुसरा फराळाच्या ताटाचा. खाली लिहिलेलं, "विचारणार होते चकली बंद करू का. मग सोमवारची स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. चकली चालू आहे, तुमच्यासाठी डबा पाठवतेय."