वाचकांचे प्रश्न: करारात बारा आठवडे, मग सव्वीस कुठून?

प्रश्न : आमच्या कारखान्यात युनियनच्या 2015 च्या करारात बाळंतपणाची रजा 12 आठवडे आहे. माझं पहिलंच बाळंतपण. नवा करार होईपर्यंत तेवढीच रजा मिळेल, असं एचआर सांगतं. रोज 900 रुपये, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही. पैसे किती मिळतील? नवराही इथेच कामाला आहे, त्याला रजा मिळेल का?

उत्तर : एचआरचं चुकतंय. करार कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतो, कमी नाही. 2015 मध्ये मातृत्व लाभ कायद्यातच 12 आठवडे होते, तेच करारात उतरवले गेले. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे मिळतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा तोच आहे. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं हवं. प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात.

खरी गडबड होते ती पैशांच्या हिशेबात. रोजंदारीवर ऑफिस आठवड्याचे सहाच दिवस धरतं : 156 दिवस, 1,40,400 रुपये. पण रविवारही मोजायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच बी. शहा खटल्यात तसं ठरवलंय. म्हणजे 182 दिवस, 1,63,800 रुपये. रजेआधीच्या तीन महिन्यांची सरासरी काढतानाही भागाकार प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांनी करायचा, 90 ने नव्हे.

अर्ज लेखी द्या : रजा कधीपासून, पैसे कोणाच्या हाती द्यायचे आणि त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहा. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका. गरोदरपणाचा दाखला दिला की प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळतात. उरलेले, प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत.

नवऱ्याचं मात्र करारावर अवलंबून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा असते, खासगी कारखान्याला तशी सक्ती नाही. करारात कलम असेल तर नीट वाचा : दिवस कामाचे की कॅलेंडरचे, पगारी की बिनपगारी, जन्मानंतर किती दिवसांत घ्यायची. ही शेवटची मुदत हुकू नये, म्हणून अर्ज प्रसूतीआधीच देऊन ठेवावा. ‘कराराची मुदत संपली’ हे कारण ऐकून घेऊ नका. लेखी नोटीस देऊन रीतसर संपवेपर्यंत जुना करार दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.